अर्धा फेरा मागे

चाक आपलं आपण फिरायला लागलं, त्या सकाळी सुनेने चहा दोनदा केला आणि दोन्ही वेळा साखर घालायची राहिली. आबा तो निमूट प्यायले. एरवी साखर चिमूटभर कमी पडली तरी पाण्याच्या पाटापलीकडे ऐकू जाईल असं खाकरणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांचंही लक्ष चहात नव्हतं.

चौकी पाटाच्या काठाला, दोन खोल्यांची. एका खोलीत सासरा आणि सून राहायची, दुसऱ्या खोलीत गेट. गेट म्हणजे खाली पाण्यात उभा लोखंडी पत्रा, त्याला धरून जमिनीतून वर आलेला आट्यांचा जाड दांडा, आणि दांड्यावर बैलगाडीच्या चाकाएवढं आडवं चाक. बावीस फेरे दिले की गेट पूर्ण उघडायचं. दर आठ दिवसांनी पाण्याची पाळी यायची. तीन दिवस पाट भरून वाहायचा आणि मग पुढच्या पाळीपर्यंत तळाशी चिखल नि डबकी. गेटच्या खाली पाट लगेच वळायचा आणि वळणावर दगडी भिंत होती, त्यामुळे चाकाशी उभ्या माणसाला खालचा तळ काही दिसायचा नाही.

आबांच्या आजोबांच्या काळात इथे गेट नव्हतं. लाकडी फळ्या होत्या, आकडा घालून एकेक उपसायच्या. आजोबांचा जन्म फळ्यांत गेला आणि त्यांना कुबड आलं. आबांच्या वडिलांच्या वाट्याला हे चाक आलं, त्यांचाही जन्म चाकात गेला. आबांनी तेच चाक, तेच ग्रीस, असं बेचाळीस वर्षं रेटलं, तोवर त्यांचा उजवा खांदा कामातून गेला. पण सून या घरात आली आणि कुणीतरी मागून ढकलल्यासारखं सगळं पळायला लागलं. आधी वीज आली, मग फोन आला, मग फोनची तार गेली आणि फोन खिशात गेला. नवरा शहरातल्या पाटबंधाऱ्याच्या मोठ्या ऑफिसात पडद्यासमोर बसायला गेला आणि महिन्यातून दोनदा घरी यायला लागला. मग डबी आली आणि डबीच्या मागोमाग चाक फिरवणारी मोटार. आबा म्हणायचे, "आमच्या वेळी नवीन काही यायचं तर त्याला यायला लाज वाटायची. आता दारही वाजवत नाही."

डबीची गोष्ट सांगायलाच हवी. या गेटचं पाणी कधी बांध फोडत नसे आणि पार शेवटच्या शेतापर्यंत पोचत असे. आबांच्या हाताला जाण आहे, असं ऑफिसात सगळे म्हणायचे. म्हणून साहेबलोकांनी ठरवलं की मशीनला शिकवायचा तर आबांचाच हात शिकवायचा. उन्हाळाभर चाकाच्या दांड्याला एक काळी डबी बांधून ठेवली. चाक कधी फिरलं, किती जोराने, कुठे थांबलं, सगळं ती टिपून घ्यायची.

आता आबांचा खांदा गेल्याला आठ वर्षं झाली होती. रजिस्टरवर सही आबांची, पण चाक फिरवायची ती सून. आबा शेजारी स्टुलावर बसून फेरे मोजायचे. सातव्या फेऱ्याला दम खायचा, मग पुढे जायचं, एवढंच त्यांनी तिला शिकवलं होतं. डबी उतरवायला साहेब आले तेव्हा त्यांनी फोटो काढला. आबांचा लुळा हात उचलून चाकावर ठेवला आणि तिला म्हणाले, "ताई, तुम्ही जरा बाजूला व्हा." ती झाली बाजूला. हाताला घट्टे तिच्या आणि फोटो आबांचा. तिला राग आला आणि तो तिने भांड्यांवर काढला. आबांना ते कळलं. त्या संध्याकाळी आपलं ताट त्यांनी स्वतः घासून ठेवलं, डाव्या हाताने, निम्मं खरकटं तसंच ठेवून.

तर त्या सकाळी सातला मोटार घुमली आणि चाक फिरायला लागलं. चाकाच्या लाकडी मुठी तीन पिढ्यांच्या तळव्यांनी गुळगुळीत झाल्या होत्या, त्या रिकाम्याच गरगरत समोरून जायला लागल्या. दोघं भिंतीला पाठ लावून उभी राहिली. आबा सवयीने मोजत होते. पाच. सहा. सात. सातव्या फेऱ्याला चाक थांबलं.

"शिकलं की," सून म्हणाली.

तेवढ्यात चाक मागे फिरलं. बरोबर अर्धा फेरा. मग थांबलं. सुनेने मनात नऊ मोजले, आणि चाक पुन्हा पुढे निघालं ते बावीसवर जाऊन थांबलं.

आबांच्या हातातला कप खाली पडला नाही, पण चहा सगळा धोतरावर सांडला. त्यांना तो भाजलासुद्धा नाही.

"सूनबाई, तू मागे फिरवायचीस?"

"नाही आबा. मागे कशाला फिरवू? तुम्ही शेजारीच असायचात ना."

"मी मोजायचो. डोळे मिटून मोजायचो." आबा चाकाकडे बघत राहिले. "मी शिकवलं का तुला ते?"

"नाही."

"नाहीच शिकवलं," ते म्हणाले, आणि आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

सुनेला चैन पडेना. चौकीच्या मागे शेतांकडे जाणाऱ्या चारीचं लहान गेट होतं, त्याला अजून हातचाक होतं, हात-दीड हात व्यासाचं. दुपारी तिने आबांना उठवून तिकडे नेलं. म्हणाली, "मी फिरवते. तुम्ही डोळे उघडे ठेवा." आणि तिने स्वतःचे डोळे मिटले. चाक फिरवताना ती उद्या काय काय धुवायचं आहे याचा विचार करत राहिली, मुद्दाम. गेट वर आलं, चारीला पाणी सुटलं, तिने डोळे उघडले. आबा चारीच्या काठावर मटकन बसले होते.

"मागे फिरवलंस," ते म्हणाले.

तिने आपले हात बघितले. तेच हात, तेच घट्टे. वीस वर्षांपूर्वी ती नवी नवरी असताना आबा आणि ती समोरासमोर उभी राहून चाक फिरवायची. त्यांच्या हातांच्या मागोमाग तिचे हात चालायचे. तेव्हा कधीतरी हे तिच्या हातात उतरलं असणार आणि हातांनी तिला सांगितलंच नव्हतं. आपल्याच घरात आठ वर्षं कुणीतरी राहून गेलं आणि आपल्याला पत्ता नाही, असं तिला वाटलं.

"हे तुमचं आहे का आबा? तुमची लकब?"

"माझी नाही," आबा म्हणाले. "माझ्या बापाची." आणि उठून ते चौकीकडे चालू लागले.

पाण्याच्या दोन पाळ्या गेल्या. पाटावर कपडे धुणाऱ्या बायकांत एक होती, तिला सगळे रेडिओ म्हणत, कारण तिला बंद करायचं बटण कुणाला सापडलं नव्हतं. ती एकदा चौकीच्या दारात येऊन म्हणाली, "तुमच्या गेटची जुनी उचकी अजून गेली नाही काय गं? पाणी येतं, घोटभर मागे जातं, मग धाडकन येतं. कोण आठवण काढतंय त्याची एवढी?"

"मशीन आहे ते. मशीनची कोण आठवण काढणार?"

"ते मला काय माहीत. पण बरंय बाई. पाणी मागे गेलं की आम्हाला कळतं, आता उठा, पोरं वर घ्या. आता माझ्या बहिणीकडेही तसंच करतं म्हणे."

रेडिओची बहीण राहायची तिसाव्या गेटापाशी, पाटाने दिवसभराच्या वाटेवर. सुनेने तेव्हा त्याकडे लक्ष दिलं नाही. संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. आवाज चढलेला होता.

"आबांना विचार, ते मागे फिरणं काय आहे? रोज माझ्या पडद्यावर लाल रेघ येते. आपल्याच गेटाची नाही, बेचाळीस गेटांची."

"बेचाळीस कशी?"

"अगं, तो एकच हात सगळ्या गेटांना घातलाय. हात चांगला म्हणून. ज्या गेटाची पाळी, ते सातला उघडतं, सात फेरे, अर्धा मागे, थांबा. पार शेवटच्या गेटापर्यंत. वरचे मला विचारतात, तुमच्या वडिलांना झटका यायचा का? चारचौघांत विचारतात. मान वर करता येत नाही मला."

"हात आबांचा नव्हता," ती म्हणाली. "माझा होता."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "हे तिथे कुणाला बोलू नकोस."

फोन ठेवल्यावर ती गेटच्या खोलीत गेली. बेचाळीस ठिकाणी, तिने कधी न पाहिलेल्या चौक्यांत, तिचे हात फिरत होते. आणि तिच्या हातांच्या आत आबांचे, त्यांच्या आत आणखी कुणाचे. ती पटकन बाहेर आली आणि दार ओढून घेतलं.

पुढच्या पाळीआधी इंजिनीअर बाई आली. वयाने लहान, बोलायला गोड, पायात चिखलाचे बूट. कॉम्प्युटर मांडीवर घेऊन ती गेटच्या खोलीत बसली आणि म्हणाली, "आजोबा, या मागे फिरण्याला काही कारण आहे का? फॉर्ममध्ये कारणाचा रकाना आहे. सुरक्षेसाठी असेल तर ठेवता येईल. नुसती सवय असेल तर काढायचं. एकच फाइल आहे, काढलं तर सगळीकडचं जाईल."

सुनेने आबांकडे बघितलं. बायका, पोरं, ते उठून वर येणं, सगळं तिच्या ओठांवर आलं. पण कारण आबांनी सांगायचं होतं, आणि तिला कारण माहीत नव्हतं.

"त्याला ऐकू येतं का?" आबांनी विचारलं.

"मशीनला? नाही हो. त्याला कान नाहीत."

"मग थांबतं कशाला?"

"तुम्ही थांबायचात म्हणून," बाई हसून म्हणाली.

आबांचा चेहरा उतरला. "सवय आहे," ते म्हणाले. "काढा."

बाईने लिहून घेतलं. पाणी प्यायली, बूट झटकले आणि जीपकडे निघाली. बाहेर पाटात रेडिओची नातवंडं डबक्यात मासे पकडत होती, त्यांचा आवाज येत होता, आणि आबा तो आवाज ऐकत होते. जीप सुरू झाली तशी ते उठले. त्यांना धावता येत नव्हतं, तरी ते धावले. एक चप्पल दारातच राहिली.

"ओ बाई. थांबा. खोटं बोललो."

बाईने जीप बंद केली. आबा जीपच्या दाराला धरून उभे राहिले. सून त्यांची चप्पल हातात घेऊन मागे उभी होती. आबा बोलले ते जमिनीकडे बघून बोलले.

"चाकापासून खालचा तळ दिसत नाही. म्हणून माझा बाप मला काठावर उभं करायचा. मी आठ वर्षांचा. मी खाली बघायचं आणि ओरडायचं, मोकळं आहे. मग तो चाक फिरवणार. त्या दिवशी मला पत्र्याचं झाकण सापडलं होतं, ते काठीने पळवत होतो. बाप आतून म्हणाला, बघितलंस का रे? मी न बघताच ओरडलो, मोकळं आहे."

"आजोबा..."

"धाकटी बहीण होती मला, पाच वर्षांची. मुंगी म्हणायचो. कुठेही शिरायची. खाली शिंपले वेचत होती. सात फेरे झाले तेव्हा बापाला तिचा आवाज आला. त्याने चाक उलटं फिरवलं. पाण्याचा जोर एवढा, अर्धा फेरा फिरलं आणि अडकलं." आबांनी नाक पुसलं. "बाप मला एका शब्दाने बोलला नाही. मारलंसुद्धा नाही. फक्त पुन्हा कधी काठावर उभं केलं नाही. मरेपर्यंत सात फेरे झाले की अर्धा मागे घ्यायचा आणि कान देऊन उभा राहायचा. पुढे चाक माझ्याकडे आलं तर माझेही हात तसेच फिरायला लागले. मला वाटलं होतं, खांदा गेला, मी सुटलो. सुनेला मी नाही शिकवलं हो. खरंच नाही शिकवलं."

सुनेचे डोळे भरून आले. वीस वर्षं ती या माणसाला साखरेवरून चिडवत आली होती.

बाई जीपमधून खाली उतरली. मग तिने पुन्हा कॉम्प्युटर उघडला आणि रकान्यातला शब्द खोडून दुसरा लिहिला. "ठेवते," ती म्हणाली. "नऊ सेकंद. सगळीकडे."

त्यानंतर पाळीच्या दिवशी आबा सातच्या आधीच काठी टेकत काठावर जाऊन उभे राहायला लागले. चौसष्ट वर्षांत ते त्या जागी फिरकले नव्हते. आधी वाकून तळ बघायचे, डबकं न् डबकं, पाटावरच्या पुलाखालचा अंधारसुद्धा. आत सात फेरे व्हायचे, चाक अर्धा मागे यायचं, आणि आबा ओरडायचे, "मोकळं आहे!" आवाज चिरका, म्हातारा. तेवढ्यात मोटार पुढे निघायची. बायकांना आधी हसू आलं, मग सवय झाली.

सून आतून नऊ मोजायची. सुरुवातीला जुळायचं. मग एका पाळीला आबांना खोकल्याची उबळ आली आणि ओरडायला उशीर झाला. ती एकवीसपर्यंत पोचली तरी चाक जागचं हललं नव्हतं. आबांचा आवाज आला आणि चाक फिरलं. तिने आपली समजूत घातली की आपणच भराभर मोजलं. पुढच्या वेळी घड्याळ लावलं, चौतीस सेकंद भरले. तिने इंजिनीअर बाईला फोन केला.

"ताई, फाइलमध्ये नऊच आहेत. माझ्यासमोर उघडीच आहे फाइल. आणि सांगितलं ना, त्याला कान नाहीत."

"हो," सून म्हणाली. "सांगितलं होतंत." आबांना तिने यातलं काही सांगितलं नाही. त्यांचा चेहरा हल्ली निवळला होता, जेवण दोन घास वाढलं होतं, साखरेवरून खाकरणंही परत आलं होतं. कशाला उगाच जिवाला घोर.

पाऊस संपता संपता आबांचा श्वास छातीत अडायला लागला. पाळीच्या आदल्या दिवशी ते अंथरुणातून उठलेच नाहीत. म्हणाले, "उद्या मला काठावर नेऊन बसव." ती हो म्हणाली. सकाळी उजाडल्यावर चहा घेऊन गेली, साखर दोन चमचे घालून. आबांना उठवेना, ते पडल्या पडल्या चाकाच्या खोलीकडे तोंड करून होते. मोटार घुमायला लागली तसे त्यांचे ओठ हलले, ते मोजत होते. पाच दिसलं तिला, सहा दिसलं. त्याच्या पुढचं ओठांवर आलं नाही. तिने हात धरला तर त्यात जीव नव्हता.

पलीकडच्या खोलीत चाक थांबलं, अर्धा फेरा मागे आलं आणि तसंच उभं राहिलं.

ती किती वेळ हात धरून बसली होती, तिला कळलं नाही. फोन वाजत होता. नवरा होता.

"अगं, गेट बघ तिथलं. पडद्यावर सगळी थांबलीत. आज सगळ्यांची एकदम पाळी होती, बेचाळीसच्या बेचाळीस अर्धा मागे येऊन उभी आहेत. दहा मिनिटं झाली. इथून काही केल्या पुढे जात नाहीत."

"आबा गेले," ती म्हणाली.

त्याच्या मागे ऑफिसातली माणसं ओरडत होती. तो बारीक आवाजात म्हणाला, "कधी?"

"सातला."

फोन तसाच हातात धरून ती बाहेर आली. काठावर रेडिओ आणि दोन बायका खाली न उतरता उभ्या होत्या, तिच्या तोंडाकडे बघून त्यांनी वाट दिली. आबा उभे राहायचे तिथे काठीच्या टोकाने पडलेला खळगा होता. ती तिथे उभी राहिली आणि वाकली. गेटातून सुटलेलं पाणी एका कडेने वाहत होतं, बाकीचा तळ उघडाच होता. न बघता ओरडायचं नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. तिने सगळं बघितलं, डबकी, गवत, पुलाखालचा अंधार, भिंतीचा कोपरा. कुणी नव्हतं. मग तळात उतरणाऱ्या पायऱ्यांकडे तिचं लक्ष गेलं.

ओल्या चिखलात पावलं उमटली होती. लहान, अनवाणी, चार-पाच वर्षांच्या पोरीची असावीत. पाटाच्या मधोमध सुरू होऊन ती पायऱ्यांपाशी आली होती आणि पायरी पायरीने वर चढली होती. दगडावरची अजून ओली होती. खाली उतरणारं एकही पाऊल नव्हतं.

"कुणाची पोर खाली होती का गं?" तिने विचारलं.

"आज कुणीच उतरलं नाही," रेडिओ म्हणाली. एवढंच म्हणाली.

सुनेने पुन्हा एकदा तळ बघितला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग तिने छातीत श्वास भरून घेतला.

"मोकळं आहे!"

मागे चौकीत चाक फिरायला लागलं. हातातल्या फोनमधून नवऱ्याचा आवाज येत होता, "सुटली, सगळी सुटली," आणि तो रडत होता. खाली सगळं पाणी आलं, वळणावरच्या भिंतीला लागलं आणि पायऱ्यांवर चढून ती पावलं पुसून पुढे गेलं.